रुपेरी राजपुत्रामागचा चेहरा

मी एक जुना कॅमेरा आहे. मुठीत मावेन एवढा, संगणकाच्या पडद्याच्या काठाला चिमट्यासारखा धरून बसणारा. मित्रांनो, कॅमेऱ्याचे आयुष्य म्हणजे समारंभ, सहली आणि हसरे चेहरे असे तुम्हाला वाटेल. माझे तसे झाले नाही. मी वर्षानुवर्षे एकच चेहरा टिपला आणि तो जगाने एकदाही पाहिला नाही. याचे मला दुःख नाही. पण न पाहताच त्या चेहऱ्याबद्दल लोक जे बोलले, त्याला उत्तर द्यायचे राहून गेले आहे. ते आज देतो.

कारखान्यात माझी काच घासली गेली. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर बोटे नाचवली, मी ती नीट टिपली आणि पास झालो. मग खोक्यात बसून दुकानात आलो. तिथे मला एका भावाबहिणीने विकत घेतले. भाऊ तिशीतला, फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करणारा. बहीण धाकटी, चित्रे काढणारी. ती म्हणाली, "दादा, महागडा नको घेऊस. तुझं थोबाड कुणाला दिसणारच नाहीये!"

ते खरेच होते. दादाने भुवई उचलली की मी ती टिपायची, संगणकाने ती हालचाल एका चितारलेल्या पात्राला द्यायची, आणि लोकांना दिसायची ती राजपुत्राची भुवई. दादा हसला की राजपुत्र हसे. इंटरनेटवर अशा पात्रांचे थेट कार्यक्रम चालवणाऱ्या एका कंपनीने दादाचा आवाज ऐकून त्याला हा रुपेरी केसांचा राजपुत्र दिला होता. पात्र कंपनीचे, आवाज दादाचा, मिळकत वाटून. दादाने नोकरी सोडली.

घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत आई लोकांचे कपडे दुरुस्त करून देई. आतल्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्या बेचक्यात दादाचे टेबल. रस्त्याचा गोंगाट ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीला गादी टेकवलेली. उन्हाळ्यात त्या खोलीची भट्टी होई. राजपुत्राच्या कपाळावर कधी घामाचा थेंब दिसला नाही. दादाच्या कपाळावरून धारा वाहत, आणि त्या पुसायला हात वर केला तर राजपुत्राचाही हात वर जाईल म्हणून तो तशाच वाहू देई.

राजपुत्र गोष्टी सांगे. ऐकणाऱ्या बहुतेक मुली आणि बायका. आवडले की त्या कार्यक्रम चालू असतानाच पैशांची भेट पाठवत आणि सोबत दोन ओळी लिहीत. पडद्याकडे माझी पाठ असे, त्यामुळे मला त्या ओळी वाचता येत नसत. पण त्या वाचणारा चेहरा मला वाचता येई. 'सुईदोरा' या नावाने लिहिणारी एक बाई सगळ्यात जास्त भेटी पाठवी. तिचे नाव आले की दादा खुर्चीत सावरून बसे.

मग कंपनीच्या साहेबांनी त्याची जोडी दुसऱ्या एका राजबिंड्या पात्राशी लावली. ते पात्र तलवारबाजाचे होते. त्याच्यामागचा माणूसही भला होता. दोघे पडद्यावर एकमेकांची थट्टा करत, लटके रुसत, आणि बघणाऱ्या जीव ओवाळून टाकत. भेटींचा पाऊस पडू लागला. आईने दुरुस्तीची कामे कमी केली. कंपनीने दादाला नवा कॅमेरा वापरायला दिला आणि मी समोरच्या फळीवर, पेन्सिलींच्या डब्याशेजारी जाऊन बसलो. कोणी माझ्यावरची धूळसुद्धा पुसेना. मला आता वायर जोडलेली नव्हती, पण काच शाबूत होती. आणि खरे सांगू? तिथून मला पहिल्यांदाच पडदा दिसू लागला.

त्या सुमारास घुबडबाई आल्या. हे त्यांचे पडद्यावरचे रूप: चष्मा घातलेले जाडजूड घुबड. त्या दुसऱ्याच कंपनीच्या होत्या, दादापेक्षा वयाने मोठ्या, आणि एकट्या दहा जणांचे आवाज काढत. त्यांनी दादाला विचारले, "जोडीने एक गोष्ट करू या का? मी सुरू करते, तू पुढे ने."

साहेबांनी दादाला आधीच बजावले होते, "बाईबरोबर कार्यक्रम नाही. तुझ्या चाहत्यांना तू एकटा हवा आहेस, नाहीतर तलवारबाजाबरोबर."

दादाने तरीही होकार दिला. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून एका बुडत्या होडीची गोष्ट रचली. घुबडबाई म्हातारी नावाडीण झाल्या, दादा तिचा उर्मट मुलगा. मी तलवारबाजाबरोबरचा दादा पाहिला होता. तो गोड बोलत असे. हा दादा वेगळाच होता. शेवटी मुलाने आईला हाक मारली तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या धाकटीने डोळे पुसले. बघणारे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होते.

पण बघणारे वाढले आणि देणारे घटले. पडद्यावर ओळी धडाधड पडू लागल्या. 'ती कोण लागते तुझी?' 'आमच्या पैशांवर हे धंदे?' घुबडबाईंना तर लिहू नये ते लिहिले गेले. सुईदोऱ्याने लिहिले, 'मी तुला इतकं दिलं. तू मला काय दिलंस?'

दादाने ती ओळ मोठ्याने वाचली. मग म्हणाला, "गोष्ट दिली. तेवढीच द्यायचं कबूल केलं होतं, आणि ती मनापासून दिली."

सुईदोरा निघून गेली. तिच्यामागोमाग, दरमहा वर्गणी भरणारे सभासदही रांगेने निघून गेले. महिनाअखेरीस मिळकत पार तळाला गेली.

साहेब स्वतः घरी आले. आईने त्यांना आतल्या खोलीत खुर्ची दिली. ते मात्र उभेच राहिले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "सांगून टाक, ती तुझी बहीण आहे म्हणून. सगळे शांत होतील."

बाहेरच्या खोलीतून धाकटी ओरडली, "मग मी कोण? भाडेकरू?"

दादाला हसू आले. पण बोलताना तो हसत नव्हता. "साहेब, ती माझी बहीण नाही. मैत्रीणही नाही. माझ्याबरोबर काम करणारी बाई आहे. एवढं कारण पुरत नसेल, तर मी खोटं नातं जोडणार नाही."

"चाहत्यांची माफी माग. तिच्याबरोबर पुन्हा बसणार नाही म्हण. नाहीतर राजपुत्र ठेवून जा."

"कशाची माफी मागू? काम चांगलं झालं त्याची?"

"हट्ट सोड. या घराकडे बघ जरा."

दादाने आईकडे पाहिले. तिच्या हातात कुणाची तरी उसवलेली विजार होती. तिने भीत भीत विचारले, "भाड्याचं कसं करायचं रे?"

"सकाळी नोकरी करीन, आई. पुन्हा तक्रारी ऐकीन. एवीतेवी सवय झालीच आहे."

आईने विजारीत सुई टोचून ठेवली. मग साहेबांना म्हणाली, "चहा घेऊन जा. तो काही ऐकायचा नाही."

साहेब चहा न घेताच गेले. आठवड्याच्या आत राजपुत्र पडद्यावरून पुसला गेला. नवा कॅमेराही कंपनीने परत नेला. तलवारबाजाचा फोन आला. "मलाही निघावंसं वाटतं रे," तो म्हणाला. "पण माझ्या घरी दोन लेकरं आहेत." दादाने त्याला बोल लावला नाही, तेव्हा मीही लावणार नाही.

मग दादाने मला फळीवरून उचलले, सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसली आणि वायर जोडली. धाकटी नवे पात्र काढायला बसली. "या खेपेला जरा पोट सुटलेलं काढू का?" तिने विचारले. "खरं वाटेल." दादा म्हणाला, "काढ." असा आमचा टपालवाला जन्मला: ढेरपोट्या, विरळ केसांचा, खांद्यावर पिशवी अडकवलेला.

पहिल्या दिवशी एका बसमध्ये सहज मावतील एवढेच लोक आले. घुबडबाई आल्या. त्यांचेही निम्मे लोक गेले होते. तरी त्यांनी पहिल्याच वाक्याला टपालवाल्याला झापले, "उशीर केलास!" आणि दादा असा खळाळून हसला, की त्याच्या हास्याचा वेग पकडताना माझी दमछाक झाली.

मित्रांनो, पुढे सगळे भरभरून परत आले असे सांगितले तर ते खोटे होईल. मिळकत पूर्वीच्या निम्म्यावरही पोचली नाही. आईची कामे पुन्हा वाढली. दादा सकाळी तक्रारी ऐकतो आणि संध्याकाळी पडद्यावर पत्रे वाटतो. पण कधी घुबडबाई, कधी कुणी आजोबांच्या आवाजाचे कासव, ज्याच्याबरोबर गोष्ट रंगेल त्याच्याबरोबर तो बसतो. कोणाला विचारत नाही.

आता माझी नजर अधू झाली आहे. अंधारले की मला भुवई कुठली आणि केस कुठले हे कळत नाही, आणि टपालवाला उगाच डोळे मिचकावतो. एक दिवस दादा मला बदलेल. खुशाल बदलावे. माझे मागणे माझ्यासाठी नाही. तुम्हाला एखाद्याचे काम आवडले तर त्याला जरूर भेट द्या, कारण त्याचेही घर चालायचे असते. पण भेटीला दोरी बांधून तिचे टोक आपल्या हातात ठेवू नका. पडद्यामागे घाम गाळणारा एक माणूस बसलेला असतो. मी त्याला रोज समोरासमोर पाहिले आहे, आणि तो कोणाच्याही मालकीचा नाही.