माशांची रांग

गाण्याच्या बाईंचा कान तिखट, असे शाळेत सगळे म्हणत आणि बाईही ते कधी नाकारत नसत. चाळीस मुलांत कोण बेसूर आहे, हे त्या फळ्याकडे तोंड करूनही सांगत. मग त्या मुलाकडे वळून दोन बोटे स्वतःच्या ओठांवर टेकवत. त्याचा अर्थ, आजपासून तू मासा. माशाने मागच्या रांगेत उभे राहायचे, सगळ्यांबरोबर तोंड उघडायचे, मिटायचे आणि आवाज काढायचा नाही. समूहगान गोड होई आणि आपले लेकरू मंचावर दिसले नाही म्हणून कोणाची आईही भांडायला येत नसे. सापही मेला आणि काठीही तुटली नाही! बाईंना स्वतःच्या या युक्तीचे फार कौतुक होते.

मागच्या वर्षी या रांगेत आठ वर्षांची एक मुलगी गेली. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आला की बाकीची मुले पेटीबरोबर जात आणि भिंगरी केसभर वर. बाईंनी तीनदा थांबवले. चौथ्यांदा ती म्हणाली, "बाई, पेटीच तिथं खाली बसते."

"वा गं वा!" बाई म्हणाल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

मुले खदखदून हसली. भिंगरीही हसली, कारण सगळेच हसत होते. बाईंनी दोन बोटे ओठांवर टेकवली.

मासा म्हणून भिंगरी पहिल्या नंबरची निघाली. एक शब्द चुकायची नाही की कधी चुकून आवाज निघायचा नाही. पालकसभेला तिची आई येऊन बाईंचे आभार मानून गेली. "घरी नुसता कलकलाट असायचा हो हिचा. आंघोळ करताना गाणं, जेवताना गाणं. आता बघा, कशी गप्प असते. तुम्ही वळण लावलंत." बाईंनी ते आभार ठेवूनही घेतले.

यंदा कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना पेटीची एक पट्टी अडकली. दुरुस्तीवाले काका आले, त्यांनी पेटी टेबलावर उघडली, अडकलेली पट्टी मोकळी केली आणि मग सवयीने बाकीचे सूर एकेक वाजवून पाहिले. वरच्या एका सुराशी ते थांबले.

"बाई, हा उतरलाय. केसभरच, पण उतरलाय. आत मळ बसलाय बघा, दोन वर्षांचा तरी असेल." त्यांनी चष्मा वर केला. "तुम्हाला कसं कळलं नाही?"

"कळत होतं की," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही याल तेव्हा सांगू."

काकांनी मान डोलावली आणि ते त्या सुराचे पितळी पान घासू लागले. बाईंचे कान तापले होते. खोटे बोलल्याची लाज वेगळीच, पण खरी लाज त्या सुराची होती. तो कोणता सूर, हे त्यांना काकांनी सांगायची गरज नव्हती. चाळीस पोरांत एकटीचा कान शाबूत होता आणि तिलाच त्यांनी मुकी केली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून त्या रात्री निजल्या खऱ्या. दुसऱ्या दिवशी तालमीला मुलांना एवढेच सांगितले, "पेटी दुरुस्त झाली, हं." गाणे सुरू झाले. वरचा सूर आला आणि सगळी मुले जुन्या सवयीने केसभर खालीच गायली. पेटी एकीकडे, वर्ग एकीकडे. मागच्या रांगेत भिंगरीचे ओठ हलत होते.

बाईंनी भाता सोडला. त्यांना मुलांकडे बघवेना.

"मागच्या वर्षी मी भिंगरीला हसले होते," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही हसायला लावलं. अंगण खरंच वाकडं होतं. तिचं बरोबर होतं, माझं चुकलं. भिंगरी, पुढे ये बाळा. गा."

भिंगरी पुढे आली. तिने तोंड उघडले. ओठ अगदी शब्दागणिक हलले, वरच्या सुराला भुवयासुद्धा उंचावल्या. आवाज आला नाही.

"आवाज काढून गं," बाई म्हणाल्या.

"काढून?" भिंगरीने एकदा पेटीकडे पाहिले. "आणि पेटी परत बिघडली तर? तेव्हा परत मासा व्हायचं का?"

"नाही, कधीच नाही. तेव्हा तू मला लगेच सांगायचं."

भिंगरी गोंधळली.

"सांगितलं होतं, बाई."