घाबरलो म्हण

आमच्या खेळात सूत्रधार मी. म्हणजे गोष्टीत जे काही घडतं ते माझ्या तोंडून घडतं. राक्षस मी, वादळ मी, भाव न सोडणारा दुकानदारही मीच. बाकीच्यांनी फक्त आपापलं एकेक पात्र सांभाळायचं आणि फासे टाकायचे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझी बोबडी वळायची. आता रविवारी दुपारी तिघं जण मी पुढे काय बोलते म्हणून श्वास रोखून बसतात. त्यात थोडी शेफारले असेन तर असेन.

तिघं म्हणजे माझी ताई, प्रत्येक नियमावर हुज्जत घालणारा मामेभाऊ, ज्याला आम्ही वकील म्हणतो, आणि माझ्या वर्गातली टाचणी. टाचणी बारीक, आणि तिचं बोलणंही तेवढंच. तिला मीच ओढून आणलं होतं.

माझे नियम दोन. पात्राच्या कागदावर 'भीती'चा रकाना भरायचाच, आणि तिथलं मी खेळात वापरणार. शिवाय टेबलाशी बसलं की पात्र म्हणूनच बोलायचं. टाचणीचं पात्र होतं सहा फुटी, दाढीवाला शिपाई. त्यामुळे ती "मी येतो", "मी मारतो" म्हणायची आणि ताई हसून हसून टेबलावर पालथी पडायची.

भीतीच्या रकान्यात वकिलाने लिहिलं होतं, 'गणिताच्या बाई'. ताईने, 'पाली'. टाचणीने बारीक अक्षरात, 'बाहेरून कडी लागल्याचा आवाज'.

मला घबाडच सापडलं. आठवडाभर खपून मी एक तळघर रचलं. रविवारी शिपाई त्यात एकटा उतरला, तशी मी गुपचूप उठून खोलीबाहेर गेले आणि दाराला खरोखरची कडी लावली.

"शिपाईदादा, दार बंद झालं," मी बाहेरून घोगऱ्या आवाजात म्हटलं. "आता काय करणार?"

आतून टाचणी म्हणाली, "मी घाबरले."

"घाबरलो म्हण. शिपाई आहेस तू."

"उघड ना."

"फासा टाकल्याशिवाय कसं उघडेल?" हा वकील.

"मी घाबरले गं. उघड."

"घाबरलो," मी परत दुरुस्त केलं.

"ए, दार उघड आधी," ताई म्हणाली. तिच्या आवाजात खेळ नव्हता, पण तेही मला उशिरा कळलं. कडी काढता काढता मी जाहीर केलं, "शिपायाला अभिनयाचे पाच गुण."

टाचणी दाराला चिकटूनच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या हाताखालून ती निघाली ती थेट जिना उतरून, अनवाणीच.

मी तिच्या चपला घेऊन धावले. ती कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"आई दुपारच्या पाळीला असते," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "दादा बाहेर जाताना मला कोंडून जातो. मी भटकू नये म्हणून. कधी कधी रात्रीच येतो."

"आईला सांग की."

"मग ती नोकरी सोडेल. तू कुणाला बोलू नकोस. शब्द दे."

मी दिला.

सोमवारी शाळा सुटताना मी म्हटलं, "दादा घरी आहे?" ती म्हणाली, "सांगितलं ना, विषय नको." मंगळवारी तेच. घरी बसले की मला ती बंद दारामागे दिसायची. आत धूर झाला, ती पडली, तर? गोष्टीत संकट आणायला मला दोन मिनिटं लागायची. आता संकटं आपोआप सुचत होती आणि थांबत नव्हती.

बुधवारी मी आईला सांगून टाकलं. आईने हातातली सुरी खाली ठेवली, "कुठल्या कारखान्यात?" एवढंच विचारलं आणि पाळी सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभी राहिली.

टाचणीच्या आईने नोकरी सोडली नाही, पाळी बदलून घेतली. दादाला काय बोलली ते मला माहीत नाही. कडी आता लागत नाही, असं माझी आई म्हणते.

टाचणीने बाक बदलला. मधल्या सुट्टीत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, तर डबा बंद करत म्हणाली, "तू शब्द दिला होतास."

"हो," मी म्हटलं. "दिला होता."

ती उठून गेली.