एक जूनची वाडी

मी बोलतोय खरा, पण मला सगळं नीट आठवतं की नाही, याची खात्री माझी मलाच नाही. हे असं म्हणणं मला शोभत नाही. कारण मी एका शाळेचं जनरल रजिस्टर आहे. कोण कधी जन्मलं, कुणाची जात काय, कोण कधी शाळेत आलं आणि कधी सोडून गेलं, हे मी सांगतो आणि जग ते मान्य करतं. माझ्यावरून दाखला निघतो, दाखल्यावरून आधार कार्ड, आणि आधार कार्डावरून पुढचं सगळं आयुष्य. एवढा विश्वास कुणी आपल्यावर टाकला की माझ्यासारख्याची झोप उडते.

माझा जन्म कल्याणच्या एका छापखान्यात झाला. जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ, आत आखलेले रकाने. शहापूरहून एसटीने आणि पुढे पायी, शेखर गुरुजींच्या काखेत बसून मी तानसाच्या जंगलाकडच्या या कातकरी वाडीत आलो. एका खोलीची शाळा, एक लोखंडी कपाट, आणि त्या कपाटात मी.

शेखर गुरुजी मनाने फार चांगले. पोरं शाळेत यावीत म्हणून घरोघर फिरायचे. पण जन्मतारखेचा रकाना आला की अडायचे. अर्धी वाडी पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायची, पोरं तिकडेच जन्मायची. आयांना ऋतू आठवायचा, तारीख नाही. मग गुरुजी पोराकडे बघायचे, उंचीचा अंदाज घ्यायचे, पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण व्हावीत असा हिशेब करायचे आणि लिहायचे, एक जून. आकड्यात एकदा, अक्षरात एकदा. माझ्या पोटात त्रेसष्ट मुलं आहेत. त्यातली एक्केचाळीस एक जूनला जन्मली आहेत.

वाडीतली पोरं पुढे याची थट्टा करू लागली. एक जून उजाडला की एकमेकांना म्हणायची, "वाडीचा हॅपी बड्डे रं!" मला मात्र हसू यायचं नाही.

रत्ना ही त्या एक्केचाळिसांतली एक. बारावीपर्यंत पोचलेली वाडीतली पहिली मुलगी. दोन हजार चोवीसच्या लोकसभेच्या निवडणुकीआधी तिच्या डोक्यात एक वेड शिरलं. वाडीतल्या तरुणांनी मतदान करायचं. आतापर्यंत मतदानाच्या दिवशी टेम्पो यायचा, म्हातारी माणसं त्यात बसायची आणि सांगितलेलं बटन दाबून परत यायची. तरुण पोरं ते बघून हसायची आणि घरी लोळत पडायची. रत्नाने अकरा जणांना गाठलं, त्यांचे फॉर्म भरून घेतले. मतदार यादीचं काम आमच्या नव्या गुरुजींकडे, नरेंद्र सरांकडेच होतं. पोरांनी एकच अट घातली होती. पहिलं बटन रत्नाने दाबायचं, मग आम्ही.

आणि रत्नाचाच फॉर्म अडला.

त्या दिवशी सरांनी मला टेबलावर उघडलं. समोर रत्ना, तिची आई सोनी आणि चुलतभाऊ संजू.

"सर, म्हंजे माझे अठरा अजून नाय?"

"या निवडणुकीसाठी एक एप्रिलला पूर्ण हवेत, रत्ना. तुझे जूनमध्ये होतात."

सोनी पुढे सरकली. "अवं गुरुजी, हिला जल्माला मी घातली का या वहीनं? शिमग्याची हाय पोर. सांजंला होली पेटायची व्हती, भट्टीवर."

"कुठली भट्टी?"

"मुरबाडकडली. आता नाय ती, मोडली."

"साल कुठलं?"

सोनी हसली. "गुरुजी, भट्टीवर इटा मोजतात, सालं नाय."

संजूने सरांच्या खिशाकडे बोट दाखवलं. "पेन हाय ना सर? जूनचा मार्च करा की. कोन बघतंय?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, करावा. एका शब्दाचा तर प्रश्न. सरांनी पेन काढलंही होतं. माझ्या पानाला त्याचं टोक टेकलं की नुसतं टेकल्यासारखं वाटलं, हे आता सांगता येत नाही. मग त्यांनी टोपण लावलं.

"आज मी हिच्यासाठी मार्च केला, तर उद्या दुसरा कुणी तुझं नाव काढून टाकेल, संजू. कागद आणा. रीतसर बदलू."

कागद कुठून येणार? मुदत संपली. संजू बाहेर पडता पडता म्हणाला ते कपाटापर्यंत ऐकू आलं. "जिच्या नादानं आमी येनार व्हतो तिचंच नाव नाय. आता कशाला जायचं?"

रात्रंदिवस मी स्वतःलाच विचारत राहिलो. चूक गुरुजींची, सोनीची की माझी? मी फक्त लिहून घेतलं, हे उत्तर मला पुरेसं वाटत नव्हतं.

वीस मेला मतदान आमच्याच खोलीत होतं. कपाट भिंतीकडे तोंड करून सरकवलं होतं, त्यामुळे मी काही पाहिलं नाही. बाहेरचं जे सांगतो, ते नरेंद्र सर नंतर शाळेतल्या दुसऱ्या बाईंना सांगत होते, ते ऐकून.

पोरं मतदान केंद्राभोवती आखलेल्या चुन्याच्या रेषेपर्यंत आली होती, गंमत बघायला. आत फोन नेता येत नाही हे कळल्यावर त्यांना आयतं कारण मिळालं. तिथे रत्ना आईची मोहाची फुलं वेचायची टोपली घेऊन बसली होती.

"टाका यात फोन."

"नाय बा," संजू म्हणाला. "माझा गेम चाललाय."

"गेम मी खेलते. तू जा."

"तुला नाय जाता येत, नि आमाला धाडते?"

"मला जाता आलं असतं तर तुला इचारलं बी नसतं. तुज्याकडं हाय म्हनून सांगते. मी यादीत नाय म्हनून तुमी घरी बसनार असाल, तर मंग तुमी माज्यासाठी येत व्हते. सोतासाठी कदी येनार?"

संजूने फोन टोपलीत टाकला.

यापुढचं मी स्वतः ऐकलं. अधिकाऱ्यांनी मोठ्याने नाव पुकारलं, संजू नवसू हिलम. थोड्या वेळाने यंत्राचा लांब आवाज झाला. मग दुसरं नाव, तिसरं. माझ्यात जी नावं पहिलीच्या पोरांची म्हणून लिहिलेली आहेत, ती एकामागून एक मोठी माणसं म्हणून पुकारली जात होती. नऊ झाली. एक जण कसाऱ्याला कामावर होता आणि एक, सर म्हणाले, खरोखरच झोपून राहिला.

बाहेर संजूने फोन उचलला. "हरलीस ना गो! सगला गेम घालवलास!"

"मत कोनाला दिलंस?"

"नाय सांगनार."

"शिकला रं शिकला," असं म्हणून रत्ना हसली म्हणे.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या कडा कसरीने खाल्ल्यात. माझी पानं संगणकात चढली आहेत, चुकांसकट. म्हणून तरुण वाचकांनो, एक विनंती करतो. सोळाव्या वर्षीच शाळेत या, मला उघडा, आणि माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. घरी जाऊन आईला विचारा. चूक असेल तर कागद शोधा, वेळेत दुरुस्त करून घ्या. निवडणुकीच्या आठवड्यात धावत आलात, तर माझ्यासारखा थकलेला साक्षीदार तुम्हाला काहीच देऊ शकत नाही. आणि एखाद्याला येता आलं नाही, तर त्याच्या वाटणीचा आळस तुम्ही करू नका.

रत्नाने त्याच वर्षी नोव्हेंबरात, विधानसभेला, पहिलं मत दिलं. माझ्या एक जूनवरच दिलं. पण ती शोध घेत राहिली. दोन वर्षांनी मुरबाड तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात, जुन्या बाळंतपणांच्या वहीत, तिला आईचं नाव सापडलं. भट्टीवर जाऊन बाळंतपण केलेल्या नर्सने लिहून ठेवलं होतं. त्याची प्रत नरेंद्र सरांनी रत्नाच्या पानाला चिकटवली आहे. महिना सोनी म्हणाली तोच, शिमग्याचा. साल मात्र माझ्यातलं दोन हजार सहा नाही, त्याच्या आधीचं. पंचवीस मार्च दोन हजार पाच. चुन्याच्या रेषेबाहेर टोपली घेऊन बसली होती, त्या दिवशी रत्नाला एकोणीस वर्षं, एक महिना आणि पंचवीस दिवस पूर्ण झाले होते.