सिद्धरामची मधली यादी

मित्रांनो, माझ्या अंगावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, कारण मला कुठल्या कंपनीनं तयार केलंच नाही. मी एक जुना संगणक आहे, सुटे भाग आणून घरी जोडलेला. सध्या बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादच्या बाजारात, योगीराजच्या संगणकांच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर पडून आहे. माझ्या डाव्या अंगाचा पत्रा कुणीतरी काढून नेला, त्यामुळे आतलं सगळं उघडं दिसतं. माझं चालतं आयुष्य जेमतेम सात महिन्यांचं. ते सांगायचं तर आधी सिद्धरामचं सांगावं लागेल.

सिद्धराम हुमनाबादजवळच्या निर्णा गावचा. त्याच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेत केलं आणि त्यानं ट्रकचं स्टेअरिंग धरलं. बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांतून माल भरायचा आणि हैदराबाद, सोलापूर, थेट भिवंडीपर्यंत पोचवायचा. त्या वर्षांत माल वाढला, गाड्या वाढल्या, गावातली माणसं पुण्याला नि हैदराबादला कामाला गेली ती तिकडचीच झाली. सिद्धराम त्यांना म्हणायचा, "तुमी एका गावाला जायलाव, मी समद्या गावांला जातो."

२००७ च्या उन्हाळ्यात कोळारला भरलेल्या गाडीवर चढून तो ताडपत्री आवळत होता. दोर तुटला आणि तो पाठीवर पडला. कंबरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तेव्हा त्याचं वय होतं एकतीस. गाडीमालकानं एकदा काय ती रक्कम दिली. दवाखाना भागून तिच्यातले अठरा हजार उरले. ते त्याच्या बायकोनं, मंगलनं, बँकेत टाकले आणि ती डाळीच्या मिलमध्ये कामाला जाऊ लागली. सकाळी त्याला धुऊनपुसून, भाकरी उशाशी ठेवून जायची ती संध्याकाळी यायची. मधला सगळा दिवस तो आणि छताचे पत्रे.

पुढच्या वर्षी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला हुमनाबादला आणलं. फॉर्म भरायला ते याच दुकानात आले. योगीराज त्याचा शाळेतला सोबती. त्याला खुर्चीत बसवून योगीराजनं पडद्यावर एक खेळ लावला. लांबच लांब रस्ता, आणि चालवायला मालानं भरलेला ट्रक.

"घे सिद्धू," तो म्हणाला. "क्लच न्हाई, ब्रेक न्हाई. समदं बोटांवर हाय."

सिद्धरामनं वीस मिनिटं ट्रक चालवला. निघायची वेळ झाली, दोघांनी त्याला उचललं, तरी त्यानं टेबलाची कड सोडली नाही. मंगलनं एकेक बोट सोडवलं.

घरी गेल्यावर त्यानं आपली जुनी वही काढली. तिच्यात पूर्वी तो डिझेल आणि किलोमीटर लिहायचा. आता तिच्यात माझा जन्म सुरू झाला. रोज फोन करून योगीराजला भाव विचारायचा आणि लिहायचा. अशा तीन याद्या झाल्या.

पहिली यादी नऊ हजारांची. त्यात जुना वापरलेला प्रोसेसर, जुनी पत्र्याची पेटी, जुना पडदा. टायपिंगला भरपूर, पण ट्रकचा खेळ तिच्यावर गोगलगायीसारखा सरकला असता. तिसरी यादी पस्तीस हजारांची. त्यात सपाट पडदा होता, सगळ्यात वेगवान प्रोसेसर होता आणि खेळासाठीचं खरंखुरं स्टेअरिंग होतं, पायाखालच्या पॅडलसकट. पॅडल हा शब्द त्यानं आधी लिहिला, मग खोडला, मग ती अख्खी यादीच खोडली.

उरली मधली. बँकेतल्या अठरा हजारांत बसवायची. नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड, एक जीबी रॅम. पडदा मात्र जुना, पोट आलेला. आणि ग्राफिक्स कार्ड. मित्रांनो, खेळातलं चित्र सरसर हलवण्याचं काम ह्या कार्डाचं. बाकीचं सगळं असून हे नसेल, तर रस्ता अडखळत पुढे येतो. नेमकं तेच त्या अठरा हजारांत बसत नव्हतं. चार हजार दोनशे कमी पडत होते.

मंगलला त्यानं सांगितलं होतं, की घरी बसून लोकांचे अर्ज टाइप करीन. तिनं बँकेतले पैसे काढून दिले. "तुमचं मन रमंल तर घ्या," म्हणाली. एवढंच.

त्याच दिवसांत बिदरच्या डॉक्टरांनी सिद्धरामची पाठ तपासली. एकाच जागी पडून पडून माकडहाडावरची कातडी लाल झाली होती. त्यांनी मंगलला समजावलं, की हवेची गादी घ्या, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे बदलायची. ह्या जखमेची त्याला जाणीव होणार नाही, म्हणूनच ती वाईट. मंगलनं शेळी विकली, मिलमधून उचल घेतली आणि साडेचार हजार रुपये योगीराजच्या हातात दिले. तो माझे भाग आणायला हैदराबादला निघाला होता. "येताना गादी बी घेऊन या," ती म्हणाली आणि कामावर गेली. जाण्याआधी तिनं छताच्या आढ्याला एक दोर बांधला. तो धरून सिद्धरामला स्वतःच कूस बदलता यायची.

ती गेल्यावर सिद्धराम म्हणाला, "योग्या, गादी आणू नको. कार्ड आण."

योगीराजनं यादीची वही पुढे ओढली. मग म्हणाला, "टायपिंगला कार्ड लागत न्हाई, सिद्धू."

"ठावं हाय."

"वैनीला काय सांगू?"

"गादी संपली म्हणून सांग. पुढच्या खेपंला आणतो म्हण."

"पाठ सडंल की तुझी. डाक्टर काय खोटं बोलायलाय का?"

"गादीवर काय करू मी? पडूनच ऱ्हायचं ना?" सिद्धरामनं मान वळवली. "पडायला मला खाट बी पुरती. उठायला कायतरी पायजे."

योगीराजनं यादीत कार्ड लिहून घेतलं. सोबत्याचं मन मोडवत नाही, म्हणून त्यानं आयुष्यात किती चुका केल्या असतील माहीत नाही. ही एक मला माहीत आहे. दुसरी लहान होती. कार्ड घेऊन उरलेल्या पैशांत चांगला वीजपुरवठ्याचा डबा येत नव्हता, म्हणून त्यानं पत्र्याच्या पेटीसोबत फुकट मिळणारा हलका डबा तसाच राहू दिला. आतल्या सगळ्या भागांना वीज वाटून देणारा हा डबा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून सगळे त्याच्यावरच काटकसर करतात.

त्या नोव्हेंबरात सिद्धरामच्या खाटेवर माझी जोडणी झाली. पोटावर फळी, फळीवर मदरबोर्ड, शेजारी बसलेला योगीराज. स्क्रू सिद्धरामनंच आवळले. ट्रकचं इंजिन खोललेले हात होते ते; एक स्क्रू वाकडा गेला नाही. माझा पंखा पहिल्यांदा फिरला तेव्हा तो कान लावून ऐकत राहिला.

मंगल संध्याकाळी आली. तिनं मला पाहिलं, मग खोलीभर पाहिलं.

"गादी?"

"संपली म्हणले, वैनी," योगीराज जमिनीकडे बघत म्हणाला. "पुढच्या खेपंला."

"बरं," ती म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

माझे चांगले दिवस ते हेच. वीज असेल तेवढा वेळ सिद्धराम मला चालू ठेवायचा. शेजारपाजारचे दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, काय मशीन जोडलंय गड्यानं. पडद्यावरचा मुलूख परका होता, पाट्या परक्या भाषेतल्या होत्या. सिद्धराम त्यांना आपली नावं द्यायचा. ह्या वळणाला जहीराबाद, त्या चढाला नळदुर्ग. अर्जही त्यानं टाइप केले, तीन की चार. पण अर्ज घेऊन येणार कोण? लोक हुमनाबादलाच जायचे.

आणि तो दोर तसाच लोंबत राहायचा. मला घड्याळ आहे मित्रांनो, मी बंद असतानाही ते माझ्या आत चालतं. दोन तास झाले, तीन झाले, चार झाले, हे मला समजायचं. सिद्धरामला नाही. गाडी चालवताना त्याला पाठ नव्हती, पाय नव्हते, खाट नव्हती. माझ्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. मी त्याला रस्ता दाखवत राहिलो.

जानेवारीत लाल जागा फुटली. मार्चात तिथं मूठ मावेल एवढा खड्डा झाला. मंगल रोज मिठाच्या पाण्यानं धुवायची, दवाखान्यातून आणलेली पट्टी बांधायची.

"गादी कामून यायना गेली ओ? चार म्हयने झाले."

"योग्याला सवड न्हाई."

"मी जाते हैदराबादला. पत्ता घ्या त्याच्याकून."

"तू कुठं जातीस. आणंल तो."

तेवढं बोलून तो पडद्याकडे वळायचा. तिला वाटायचं, दुखणं विसरायला बघतोय. मे महिन्यात त्याला थंडी वाजून ताप यायला लागला. तेव्हाच एका दुपारी वाऱ्यानं खांबावरच्या तारा एकमेकींवर आपटल्या, वीज एकदम चढली आणि माझ्या आतल्या त्या फुकटच्या डब्यात फाटकन आवाज झाला. त्यानं जाताजाता मदरबोर्ड नेला, डिस्क नेली, कार्ड नेलं. पडदा काळा झाला. सिद्धराम बराच वेळ बटण दाबत राहिला.

त्यानंतर तो भाकरीला हात लावेना, बोलेना. मंगलनं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी तिनं मिलची हजेरी बुडवली, मला जुन्या लुगड्यात बांधलं आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन हुमनाबादला आली. जखमेच्या औषधासाठी ठेवलेले सहाशे रुपये तिनं योगीराजच्या टेबलावर ठेवले.

"हे तेवढं नीट करा. ह्याच्याबिगर ते उठंना गेलेत."

योगीराजनं माझा पत्रा काढला. आत जळकट वास होता. मग त्यानं कार्ड ओढून काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"वैनी, ही तुमची गादी."

तिला कळलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती बाहेर गेली. मंगलनं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"काय दिसतंय ह्याच्यात त्यांला?"

"रस्ता," योगीराज म्हणाला.

तिनं ते कार्ड टेबलावर ठेवलं. "नीट व्हतंय का?"

"न्हाई, वैनी. समदंच जळलंय."

सहाशे रुपये तिनं पदराला बांधले. मला तिथंच सोडलं आणि ती निघून गेली. पुढचं मी ह्या फळीवरून ऐकलं. योगीराज दुसऱ्याच दिवशी हैदराबादला गेला आणि स्वतःच्या पैशानं हवेची गादी घेऊन आला. सिद्धराम तिच्यावर बारा दिवस झोपला. जखम हाडाला लागली होती, रक्तात विष गेलं होतं. बिदरच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

महिन्याभरानं मंगल गादी परत द्यायला आली. दुसऱ्या कुणाला तरी लागेल, म्हणाली. योगीराजनं विचारलं, "सिद्धूला सांगितलं व्हतं का, तुमाला समजलंय म्हणून?"

"न्हाई," ती म्हणाली. "रोज इचारायचे, मशीन कधी येणार म्हणून. मी म्हणायची, सामान आणायला गेलेत, पुढच्या खेपंला यील."

त्याला तीन वर्षं झाली. मंगल अजून मिलमध्येच आहे. योगीराज आता गिऱ्हाइकाला कितीही घाई असली तरी हलका डबा विकत नाही, पण त्यानं कुणाचं काही परत येत नाही. माझं जे विकण्यासारखं होतं ते विकलं गेलं.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी याद्या कराल. स्वस्तातली, मधली, मोठी. सगळे भाग जमतील असं नाही, काहीतरी सोडावंच लागेल. डोळ्यांना दिसत नाही तेच माणूस आधी सोडतो. वीज वाटणारा डबा दिसत नाही. पाठ तर स्वतःची स्वतःला कधीच दिसत नाही. तुमच्या घरात कुणी तासन् तास एका जागी असेल, तर त्याच्याजवळ जा, खेळ थोडा थांबवा आणि त्याची कूस बदला. तो रागावेल. रागावू द्या. मला हात असते तर मी एवढं एकच केलं असतं.