बायजाने भरून दिलेली वाटी

मी कात्रीने अर्धी कापलेली एक जुनी गोळ्यांची पट्टी आहे. माझे नाव दुसऱ्या अर्ध्यावर राहिले.

मित्रांनो, माझ्या प्रत्येक गोळीत दोन औषधे आहेत. ट्रॅमाडॉल हे अफूसारखे मेंदूत जाऊन वेदना दाबते. दुसरे पॅरासिटामॉल, तुम्ही तापात घेता तेच. दोघे मिळून काम करतात, म्हणून प्रत्येकाची मात्रा कमी लागते.

माजिवड्याच्या परशुरामांचे मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी मला लिहून दिले. पहिल्या गोळीनंतर त्यांचे कण्हणे हळूहळू थांबले आणि त्यांना झोप लागली. त्यांच्या बायकोने, बायजाने, मला देव्हाऱ्यात हळदीकुंकवाशेजारी ठेवले. एवढा मान मला कारखान्यातही मिळाला नव्हता. पुढे हाड जुळले. मग माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

एकदा शेजारच्या ठमाबाईंनी वाटीभर सुकटीचे कालवण पाठवले. बायजा कोणाची वाटी रिकामी परत करत नाही. त्या दिवशी घरात गोडधोड काही नव्हते. ठमाबाईंचे गुडघे दुखतात हे तिला आठवले. तिने मला कापले, वाटीत घातले आणि "ह्यांना गुण आला, तुलाही येईल," असे सांगून ठमाबाईंना देऊन आली.

संध्याकाळी बायजाची सून दर्शना कामावरून आली. देव्हाऱ्यातला उरलेला तुकडा पाहून तिने विचारले, आणि उत्तर ऐकताच ती अनवाणी धावली. ठमाबाई रोज झोपेची गोळी घेतात; ती दर्शनाच आणून देते. त्या गोळीच्या जोडीला ट्रॅमाडॉल पोटात गेले, तर झोपेत श्वास मंदावतो. थांबूही शकतो.

मी ठमाबाईंच्या ताटाशेजारी होते.

"मावशी, घेतली का गोळी?"

"अगं, उपाशीपोटी कशी घेऊ? आधी भाकरी तर खाऊ दे."

दर्शना उंबऱ्यावरच बसली. दम खाल्ल्यावर तिने मला उचलले, सगळे समजावले आणि उद्या गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे नेते म्हणाली. मागून बायजा आली. ठमाबाईंनी वाटी तिच्यापुढे सरकवली.

"गुळाचा खडा घाल हिच्यात. औषध देण्याचा एवढा मोठेपणा कशाला करायचा?"

बायजा हसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

आता दर्शना माझ्या गोळ्या चहाच्या ओल्या चोथ्यात कालवून, पिशवीत घट्ट बांधून टाकणार आहे. मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, मी परशुरामांसाठी औषध होते, फक्त त्यांच्यासाठी आणि तेवढ्याच दिवसांपुरते. शेजाऱ्यांची वाटी जरूर भरा, पण गुळाने.