बंद कॅमेरा

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणारं आमचं कार्यालय पोलिसांच्या हाताखाली येत नाही, हे मला सारखं कुणाला तरी सांगावं लागतं. बहुतेक वेळा पोलिसांनाच. मी ते आवडीने सांगते.

त्या सकाळी समोर एक शिंपी बसला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये. चौकशीला म्हणून ठाण्यात नेलं आणि कोठडीत मारून हात मोडला, अशी त्याची तक्रार. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो दारूच्या नशेत स्वतःच पडला होता. सोबत त्याचा थोरला भाऊ आला होता, तेही तक्रार मागे घ्यायला लावायला.

"मॅडम, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" भाऊ म्हणाला. "आणि खरं सांगू? हा आधी प्यायचा. पडलाही असेल."

"दादा, मी सोडलीय."

"असं तू म्हणतोस."

शिंप्याने मान खाली घातली. मारापेक्षा हे त्याला जास्त लागलं होतं, ते दिसतच होतं. माझं डोकं फिरलं.

"तक्रार यांची आहे. मागे घ्यायची की नाही ते हेच ठरवतील," मी भावाला सुनावलं.

"नाही घेणार," शिंपी हळूच म्हणाला.

कोठडीत कॅमेरा असतो, पण चित्रीकरण महिनाभरच टिकतं. नंतर जुनं आपोआप पुसलं जातं. महिना उद्या भरत होता. मी कुणालाही न कळवता ठाणं गाठलं.

"या या, ताई!" तिथले साहेब खुर्चीतून अर्धे उठले. माणूस गोडबोल्या, टेबल चकचकीत.

"ताई घरी. इथे मी तपास अधिकारी. कोठडीचं चित्रीकरण हवंय."

"काय सांगू! सगळी यंत्रणाच बंद पडलीय. दोन महिने झाले, रेकॉर्डरचा डबा दुरुस्तीला दिलाय."

"कुठे दिलाय?"

"चौकशी करून कळवतो ना."

चहा आला. साहेब गप्पा मारत होते, माझ्या कामाचं कौतुक करत होते, आणि बोलता बोलता त्यांची नजर टेबलावरच्या मोबाईलकडे जात होती. एकदा गेली ती तिथेच थांबली. कपाळावर आठ्या पडल्या.

"हवालदार!" ते भिंतीकडे तोंड करून ओरडले. "टेबलावरचे पाय खाली घ्या! ठाणं आहे की सासरवाडी?"

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. मग अख्खं ठाणं चिडीचूप झालं. वर्षानुवर्षांची सवय, हाताखालच्यांवर मोबाईलमधून डोळा ठेवल्याशिवाय या गृहस्थांना चहा गोड लागत नसावा.

मी कप खाली ठेवला. "दुरुस्तीला गेलेल्या डब्यातून हवालदारांचे पाय छान दिसतात की!"

साहेबांनी मोबाईल पालथा घातला. "हे... हे वेगळं आहे."

"असेल. तुमच्या मागचं ते कपाट उघडा."

"कपाटात खासगी सामान आहे."

"छतावरून आलेली ती वायर तुमच्या खासगी सामानात शिरतेय. उघडता की वरिष्ठांना इथूनच फोन लावू? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तुम्ही तर भरदिवसा दिवा लावलात."

डबा कपाटात होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. मी तो पंचांसमोर सीलबंद करून घेऊन आले. खोटं कशाला बोलू, येताना मी गाडीत गाणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दोघा भावांना बोलावलं. तक्रारदाराला चित्रीकरण पाहता येतं, सोबत एक नातेवाईक.

"मला नको," शिंपी म्हणाला. "माझ्यावर काय गुजरलं ते मला माहीत आहे. दादाला दाखवा."

मी भावाला आत नेलं. पडद्यावर शिंपी सरळ पावलं टाकत कोठडीत आला, भिंतीशी बसला. मग तिघे पोलीस आत शिरले. भाऊ खुर्चीवरून उठला, पण नजर त्याने हटवली नाही. शेवटी त्याने डोळे पुसले आणि बाहेर गेला.

शिंपी बाकावर बसला होता. भाऊ त्याच्यासमोर उभा राहिला. मग तो माझ्याकडे वळला.

"मॅडम, तक्रारीवर माझी सही चालेल? याचा भाऊ म्हणून."

नियमात अशा सहीला जागा नाही. मी माझं पेन त्याच्या हातात दिलं.