ट्रॅक्टरवालीचा शर्ट

म्हशीनं लाथ मारली ती नेमकी बादलीवर. सगळं दूध शेणात गेलं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजते मेली!" म्हातारी कडाडली. "तुझ्या आईला या हातांनी सोडवलंय!"

पण पाच महिन्यांत म्हैस ट्रॅक्टरवालीच्या हाताची झाली होती. आज म्हातारी हट्टानं धारेला बसली, तर ही गत.

ट्रॅक्टरवाली म्हणजे लेकीची जोडीदारीण. दोघींनी संसार थाटला, शहरात उपचार घेऊन लेकीला दिवस गेले, तेव्हा म्हातारीनंच दोघींना घरी आणलं. गावाच्या तोंडाला ती एकटी पुरून उरायची. सलत होतं ते वेगळंच. लेकीला तहान लागली, हाक ट्रॅक्टरवालीला. पाय दुखले, तरी तिलाच.

"आई, तू राहू दे. तिचा हात हलका आहे."

अख्ख्या गावच्या बाळंतिणी सोडवणारीचा हात जड!

त्याच दुपारी, आठव्या महिन्याची लेक भोवळ येऊन अंगणात पडली. ट्रॅक्टरवालीनं ट्रॉलीत गादी टाकून तिला दवाखान्यात आणलं. दारात नर्स म्हणाली, "आत एकच माणूस. नवरा कुठाय?"

"नवरा नाही. मी आई आहे," म्हणत म्हातारीनं ट्रॅक्टरवालीला कोपरानं मागं सारलं.

"डोकं कधीपासून दुखतंय हिचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो, धडधाकट आहे. मला सांगितलं नसतं?"

लेक ग्लानीत होती. बाईंनी तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. "दोन तपासण्या का चुकवल्या?"

म्हातारी खड्ड्याकडं बघत राहिली. मग दारात जाऊन ओरडली, "ए ट्रॅक्टर! ये आत. तुलाच ठाऊक असणार सगळं."

ट्रॅक्टरवालीनं भडाभडा सांगितलं. "आठ दिवस डोकं ठणकतंय. कालपासून डोळ्यांपुढं काजवे चमकतात. पण इथं यायला तयारच नव्हती. मागच्या खेपेला 'बाप कोण गं?' म्हणून हसले सगळे. आईला सांगू नको म्हणाली. आई भांडायला येईल म्हणून."

"आलेच असते!" म्हातारी म्हणाली. नर्स खाली बघायला लागली.

"रक्तदाब फार चढलाय," बाई म्हणाल्या. "मूल आत्ताच काढावं लागेल. उद्यावर टाकलं असतं, तर आई-मूल दोघंही हाती लागली नसती."

दिवस मावळायच्या आत नात झाली. मांजराच्या पिलाएवढी, पण रडली खणखणीत.

सकाळी धारेला म्हैस पुन्हा अडली. म्हातारीनं खुंटीवरचा ट्रॅक्टरवालीचा शर्ट ओढला आणि डिझेलच्या वासानं नाक मुरडत लुगड्यावरून चढवला. म्हैस गपगुमान पान्हावली.

"नुसत्या वासाला भुलतेस होय गं!"

तशीच दूध घेऊन ती दवाखान्यात आली. ट्रॅक्टरवाली पलीकडच्या खोलीत काचेला नाक लावून पोरीला बघत होती. लेकीनं डोळे न उघडताच शर्टाची बाही धरली.

"आलीस? पाय दाब ना जरा."

म्हातारीच्या जिभेवर शिवी आली होती. ती गिळली. बाह्या वर सारल्या आणि होईल तेवढ्या हलक्या हातानं लेकीचे पाय दाबायला बसली.